गोष्ट सांगतोय कोण?

विहिरीत डोकावून स्वतःच्याच प्रतिबिंबावर झेप घेणारा सिंह मराठी घरात वाढलेल्या कुणालाही नवा नाही. एवढ्याशा सशाने एवढ्या मोठ्या सिंहाला बुडवलं, आणि गोष्टीच्या खाली ठळक अक्षरांत तात्पर्य: शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ. मूळ पंचतंत्रात ही गोष्ट कोण सांगतं ठाऊक आहे? दमनक नावाचा कोल्हा. ऐकतो त्याचा जोडीदार करटक. दमनकाला दोन जिवलग मित्रांमध्ये फूट पाडायची आहे आणि करटकाला शंका आहे की एवढ्या बलवान जोडीपुढे याचं काय चालणार. त्या शंकेला उत्तर म्हणून दमनक आधी सोन्याच्या साखळीची युक्ती करून सापाला मारवणाऱ्या कावळ्यांची गोष्ट सांगतो आणि पाठोपाठ सशाची. ज्या गोष्टीला आपण पोरांकडून टाळ्या घेतो, ती मूळ पुस्तकात एका कारस्थानाची पूर्वतयारी आहे.

हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ विचार करत बसले होते. आजही वर्गात तिथवर पोचले की आवाज आपोआप खाली येतो.

मी सोलापुरात महापालिकेच्या मराठी शाळेत शिकवते. शाळा पूर्व भागात. निम्म्याहून जास्त मुलांच्या घरी तेलुगू बोलतात. बऱ्याच जणांच्या आया विड्या वळतात, वडील यंत्रमागावर नाहीतर टॉवेलच्या कारखान्यात. शनिवारी सकाळची शाळा असते आणि शेवटचा तास मी गोष्टीसाठी राखून ठेवते. आताशा या तासाला मी पंचतंत्र सुट्या सुट्या गोष्टींत न सांगता सलग सांगते. कोण बोलतंय, कुणाशी, कशासाठी, हे सगळं धरून. वेळ फार लागतो, एकेक तंत्र, म्हणजे पुस्तकाच्या पाच भागांपैकी एकेक, संपायला महिने जातात. पण मुलं पुढच्या शनिवारी मागचा धागा बरोबर पकडतात, आणि माझी खात्री पटत चालली आहे की या गोष्टींतलं शहाणपण खालच्या तात्पर्यात थोडं आणि सांगणाऱ्याच्या हेतूत जास्त आहे.

आधी पुस्तकाची बैठक बघा. दक्षिणेत महिलारोप्य नावाचं नगर. राजा अमरशक्ती, आणि त्याची तीन मुलं, बहुशक्ती, उग्रशक्ती, अनंतशक्ती. तिघांनाही शिकण्यात रस नाही. दरबारातले पंडित म्हणतात, नुसतं व्याकरण शिकायलाच बारा वर्षं लागतात. राजा हवालदिल. मग विष्णुशर्म्याचं नाव पुढे येतं. राजा त्याला शंभर सनदा देऊ करतो. तो म्हणतो, मी विद्या विकत नाही. ऐंशी वर्षांचा झालो, पैसा घेऊन काय करू? सहा महिन्यांत ही मुलं नीतिशास्त्रात तयार झाली नाहीत तर मी माझं नाव टाकीन.

आता ही तीन मुलं कोण? उद्या गादीवर बसणारी. गोष्टी ऐकायला बसलेले हे विद्यार्थी ससे नव्हेत, ते सिंह आहेत! ज्यांच्या हाती सत्ता येणार आहे त्यांना हा म्हातारा गुरुजी सांगतोय की बाबांनो, तुमच्या कानाशी कोण लागेल, कसा लागेल, आणि तुम्ही कशाला भुलाल. हे डोक्यात ठेवून वाचलं की पहिलं तंत्र, मित्रभेद, अंगावर येतं.

वर्धमान नावाचा व्यापारी महिलारोप्याहून मथुरेला निघालाय. यमुनेकाठी त्याच्या गाडीचा एक बैल, संजीवक, चिखलात पाय मोडून बसतो. व्यापारी राखणीला माणसं ठेवून पुढे जातो. ती माणसं दुसऱ्याच दिवशी रानाला भिऊन पळ काढतात आणि मालकाला सांगतात, बैल मेला, आम्ही त्याला अग्नी दिला. पुस्तकातलं पहिलं खोटं हे माणसांचं आहे, जनावराचं नाही, आणि मुलं ते बरोबर टिपतात.

बैल मात्र यमुनेकाठचं कोवळं गवत खाऊन धष्टपुष्ट होतो आणि डुरकायला लागतो. पाणी प्यायला आलेला पिंगलक सिंह तो आवाज ऐकून जागीच थबकतो. पाणी न पिताच मागे फिरतो, वडाखाली जाऊन बसतो आणि काही झालंच नाही असा चेहरा करतो. हे लांबून बघत असतात करटक आणि दमनक, मंत्र्याची मुलं, पण सध्या अधिकार गेलेला. करटक म्हणतो, आपल्याला काय करायचंय त्यात? आणि ओंडक्याची पाचर उपटून स्वतःचा जीव घालवणाऱ्या माकडाची गोष्ट सांगतो. संबंध पुस्तकातली ही पहिली गोष्ट, आणि ती सांगतो तो सावध करणारा. दमनक ऐकत नाही. तो सिंहाकडे जातो, त्याच्या मनातली भीती बाहेर काढतो, नुसत्या आवाजाला भिऊ नये म्हणून नगाऱ्याची आणि कोल्ह्याची गोष्ट सांगतो, आणि बैलाला सन्मानाने दरबारात घेऊन येतो. इथवर दमनकाने कुणाचं वाईट केलेलं नाही. उलट भलंच केलंय.

पुढे सिंह आणि बैल एकमेकांत इतके रमतात की सिंह शिकार सोडतो. त्याच्या उष्ट्यावर जगणारे सगळे उपाशी. दमनकाला कळतं की आपणच घडवलेली मैत्री आपल्या मुळावर आली आहे, आणि तो ती मोडायला निघतो.

मोडतो कशी, हे नीट सांगायला हवं, कारण त्याच्याइतकं उघड करून दाखवलेलं कारस्थान मला दुसरीकडे सापडलेलं नाही. तो सिंहाला सांगतो: संजीवकाच्या मनात तुम्हाला मारायचं आहे. मला सांगवत नाही, पण तुमचं मीठ खाल्लंय. विश्वास नसेल तर बघा, तो येईल तेव्हा शिंगं सावरून, दबकत येईल. मग बैलाकडे जातो आणि सांगतो: मित्रा, राजाचं मन फिरलंय. विश्वास नसेल तर जा आणि बघ, डोळे लाल असतील, कपाळाला आठ्या असतील, तो जिभल्या चाटत तुझ्याकडे बघत असेल.

मागच्या वर्षी हा प्रसंग मुलांना करायला लावला. सिंह झालेला मुलगा माझ्या खुर्चीवर बसला. बैल झालेला दाराबाहेर. मी दोघांच्या कानात दमनकाची वाक्यं सांगितली आणि म्हटलं, आता काही बोलायचं नाही, फक्त भेटा. बैल दारातून आत आला. सरळ चालत येईना, एक खांदा पुढे, मान खाली, दोन्ही बोटं कपाळाला लावलेली, नजर सिंहाच्या हातांवर. ते बघून सिंहाने खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले आणि अंग पुढे झुकवलं. ते बघून बैल थांबला आणि बोटं आणखी पुढे काढली. वर्गात चिडीचूप. मग पहिल्या बाकावरची एक मुलगी मोठ्याने म्हणाली, "बाई, दोघं पण घाबरलेत फक्त!"

मी एवढी वर्षं शिकवते, पण मित्रभेदावर याहून अचूक वाक्य मी ऐकलेलं नाही. सिंहाला जो पुरावा दिसतो तो बैलाची भीती, आणि बैलाला जो पुरावा दिसतो तो सिंहाची. दमनकाने धडधडीत खोटा पुरावा उभाच केला नाही. दोघांना काय शोधायचं तेवढं सांगितलं, बाकीचं काम दोघांच्या डोळ्यांनी केलं. मला वाटतं, जावाजावांमध्ये, भावाभावांत, बचतगटात, एकाच गल्लीत पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या दोन समाजांमध्ये जेव्हा एकाएकी काहीतरी बिनसतं, तेव्हा दर वेळी मध्ये एक कुणीतरी 'बघा हं, तो आता असा येईल' असं सांगून गेलेला असतो. नाट्य झाल्यावर मी मुलांना एकच विचारलं: सिंहाने किंवा बैलाने कुठला एक प्रश्न विचारला असता तर भांडण झालं नसतं? फळ्यावर उत्तरं लिहून जागा पुरली नाही. सगळ्यांत जास्त मुलांचं उत्तर होतं, "तू रागावलास का?"

याच कारस्थानात निळ्या कोल्ह्याची गोष्ट येते. निळीच्या पिंपात पडलेला चंडरव कोल्हा, रानाचा राजा झालेला, आणि शेवटी कोल्हेकुई ऐकून स्वतःच ओरडून उघडा पडलेला. शाळेत आपण म्हणतो, सोंग फार दिवस टिकत नाही. पण मूळ पुस्तकात दमनक ही गोष्ट सिंहाला ऐकवतो ती याच बैलाविरुद्ध कान भरताना. रोख असा की जो आपल्या माणसांना दूर सारून परक्यांना जवळ करतो, त्याचा नाश ठरलेला. संजीवक बाहेरून आलेला, गवत खाणारा, वेगळ्या जातीचा. म्हणून तो घातकी. सुटी वाचली तर निळा कोल्हा फार गमतीदार गोष्ट आहे. दमनकाच्या तोंडून ऐकली की ती विखारी होते. ज्या शहरात माणसं पिढ्यानपिढ्या बाहेरून येऊन मागावर बसली, त्या शहरातल्या मुलांना हा फरक कळायलाच हवा असं मला मनापासून वाटतं. माझ्या वर्गातल्या कितीतरी मुलांचे पणजोबा आंध्र-तेलंगणातून इथे आले. ही मुलं उद्या अशा गोष्टी भाषणांत ऐकतील, मोबाइलवर वाचतील. गोष्ट चांगली रचलेली असेल, हसू येईल, पटेलही. तेव्हा हिला कुणी पाठवलं, हे त्यांना विचारता आलं पाहिजे.

शेवटी काय होतं? सिंह बैलाला मारतो. लढाई चालू असतानाच करटक दमनकाची खरडपट्टी काढतो, गोष्टीमागून गोष्ट सांगत. बैल मेल्यावर सिंह रडतो, पश्चात्ताप करतो. दमनक त्याची समजूत काढतो, राजाने असं हळवं होऊन चालत नाही म्हणतो, आणि मंत्री होतो. संपलं तंत्र.

मुलांना हे अजिबात चालत नाही. "मग त्याला कुणी पकडलंच नाही?" "सिंहाला कळलंच नाही का, बाई?" दर वर्षी हेच. आणि दर वर्षी मी त्यांना सांगते की हा प्रश्न पडलेले तुम्ही पहिले नाही. सहाव्या शतकात इराणचा बादशहा खुस्रो अनुशिरवान याच्या पदरी असलेल्या बुर्झोय नावाच्या वैद्याने पंचतंत्र पहलवी भाषेत नेलं. तिथून आठव्या शतकात इब्न अल-मुकफ्फा याने ते अरबीत आणलं. करटक-दमनकाचे तिथे कलीला आणि दिमना झाले, आणि पुस्तकाचं नावच त्यांच्यावरून पडलं. पण अरबी पुस्तकात एक प्रकरण आहे जे संस्कृतात नाही: दिमनावरचा खटला. करटकाने केलेली खरडपट्टी एका बिबट्याने रात्री चोरून ऐकलेली असते. तो ती सिंहाच्या आईच्या कानावर घालतो. आई सिंहाच्या मागे लागते, चौकशी बसते, साक्षी होतात. दिमना आपली बाजू विलक्षण हुशारीने मांडतो, पण अखेर त्याला मरणाची शिक्षा होते. हे प्रकरण इब्न अल-मुकफ्फानेच जोडलं असावं, असं अभ्यासक मानतात. पुढे स्वतः त्यालाच सत्ताधाऱ्यांनी हालहाल करून मारलं.

मला या दोन शेवटांबद्दल फार आस्था आहे. अरबी शेवट मनाला समाधान देतो. सोलापुरातल्या चौथीच्या वर्गाला आणि बाराशे वर्षांपूर्वीच्या बसऱ्यातल्या एका लेखकाला एकच गोष्ट खुपावी, याचा मला आनंद वाटतो. पण विष्णुशर्म्याचा शेवट मी बदलत नाही. त्याच्यासमोर होणारे राजे बसले होते. दमनकाला शिक्षा झाली असं सांगितलं असतं तर ते निर्धास्त झाले असते. दमनक अजून मंत्रिपदावरच आहे म्हटल्यावर त्यांनी दुसऱ्या दिवशी दरबारातल्या प्रत्येक चेहऱ्याकडे नीट पाहिलं असणार. मी मुलांना दोन्ही शेवट सांगते आणि दोन्ही का लिहिले गेले असतील ते त्यांना बोलू देते.

पहिलं तंत्र मैत्री मोडण्याचं, दुसरं मैत्री जोडण्याचं. मित्रसंप्राप्ती. यातली जाळ्यासकट उडणारी कबुतरं सगळ्यांना ठाऊक आहेत, एकीचं बळ म्हणून. मला त्याच्या पुढचा क्षण जास्त मोलाचा वाटतो. कबुतरांचा राजा चित्रग्रीव आपला मित्र हिरण्यक उंदराच्या बिळाशी उतरतो. हिरण्यक धावत येऊन आधी मित्राचे पाश कुरतडायला लागतो, तेव्हा चित्रग्रीव म्हणतो, आधी माझ्या माणसांचे तोड, मग माझे. उंदीर म्हणतो, माझे दात नाजूक आहेत, मध्येच तुटले तर? चित्रग्रीवाचं म्हणणं एकच, आधी त्यांचे. पुढारपणाबद्दल मला एवढं पुरतं.

आणि मग हिरण्यकाची स्वतःची हकिगत. ही लहान मुलांच्या पुस्तकांत सहसा नसते. मी मात्र ती कधीच गाळत नाही.

महिलारोप्याजवळच्या एका मठात ताम्रचूड नावाचा संन्यासी राहतो. उरलेली भिक्षा तो पात्रात घालून भिंतीतल्या खुंटीला उंच टांगतो. हिरण्यक रोज रात्री उडी मारून ते खातो आणि आपल्या टोळीतल्या उंदरांनाही घालतो. संन्यासी फाटक्या बांबूने पात्र बडवून त्याला हुसकत राहतो. एके दिवशी बृहत्स्फिक् नावाचा पाहुणा येतो. तो म्हणतो, हा उंदीर एवढी उंच उडी मारतो त्याअर्थी याचं बीळ धनावर आहे. धनाची ऊब आहे म्हणून ही उडी आहे. दोघं बीळ खणतात, ठेवा काढून घेतात. त्या रात्री हिरण्यक उडी मारायला जातो आणि उडी पोचत नाही. रोजचीच खुंटी, रोजचंच पात्र. टोळीतले उंदीर कुजबुजतात, हा आता आपलं पोट भरू शकत नाही, आणि एकेक करून निघून जातात.

माझे वडील गिरणीत साच्यावर होते. गिरणी चालू होती तोवर आमच्या ओट्यावर संध्याकाळी माणसं असायची. पगार झाला की हातउसने मागायला कुणी ना कुणी यायचं, आणि दादा नाही म्हणायचे नाहीत. लग्न ठरवायचं, मुलाला कुठल्या शाळेत घालायचं, भांडण मिटवायचं, सगळ्यांत त्यांचं मत घेतलं जायचं. गिरणी बंद पडली. देणी निघाली ती कितीतरी उशिराने आणि तुटपुंजी. दादा तेच होते. त्यांना माहीत असलेलं सगळं त्यांना अजूनही माहीत होतं. पण गल्लीच्या बैठकीत ते बोलायला उभे राहिले की मध्येच वाक्य सोडून खाली बसायचे. ओट्यावरची माणसं कुणाशीही न भांडता कमी होत गेली. मी तेव्हा शाळेत होते आणि मला वाटायचं, दादांचं काहीतरी चुकलं असणार. कितीतरी वर्षांनी हिरण्यकाची उडी वाचली आणि समजलं. दादा कुठेही चुकले नव्हते. बीळ खणलं गेलं होतं.

एक माणूस मात्र येत राहिला. गिरणीतलाच, दुसऱ्या खात्यातला, दादांसारखाच घरी बसलेला. संक्रांतीला सिद्धेश्वराच्या यात्रेत नंदीध्वज निघाले की हा सकाळीच दारात हजर, "चला, मिरवणूक जाईल." त्यांच्याकडे एकमेकांना द्यायला काहीही नव्हतं. हिरण्यकाच्या गोष्टीतही तसंच आहे. सगळं गेल्यावर तो लघुपतनक कावळ्याबरोबर दूरच्या तळ्यावर जातो, तिथे मंथरक कासव भेटतं, पुढे चित्रांग हरिण येऊन मिळतं. उंदीर, कावळा, कासव, हरिण. चौघांपैकी एकालाही दुसऱ्याकडून काही फायदा नाही. आणि सगळ्या पुस्तकात सर्वांत सुखी तेच आहेत.

याच तंत्रात सोमिलक नावाचा विणकर आहे. तो राजांनी नेसावीत अशी तलम, नक्षीदार वस्त्रं विणतो आणि त्याला अन्नवस्त्रापलीकडे काही मिळत नाही. जाडंभरडं कापड विणणारे मात्र त्याच्या डोळ्यांदेखत श्रीमंत होतात. हे वाक्य वाचलं की माझ्या वर्गात हात वर होतात. कुणाचे आजोबा हातमागावर साड्या विणायचे, आता टॉवेलच्या यंत्रमागावर रात्रपाळी करतात. विष्णुशर्म्याला विणकराचं घर आतून माहीत होतं, असं मला ठामपणे वाटतं.

पंचतंत्राबाहेरची एक गोष्ट मी आवर्जून सांगते, मुलींसाठी विशेष. महाभारताच्या शांतिपर्वात भीष्म ती युधिष्ठिराला सांगतात. वडाच्या झाडाशी पलित नावाचा उंदीर राहतो, फांदीवर लोमश नावाचा बोका. एके रात्री बोका पारध्याच्या जाळ्यात सापडतो. उंदीर निर्धास्त बाहेर येतो आणि बघतो तर खाली मुंगूस टपलेलं, वर घुबड. तेव्हा तो बोक्याशी करार करतो: तू मला तुझ्या कुशीत घे, मी तुझं जाळं तोडतो. बोका कबूल होतो. मुंगूस आणि घुबड हात चोळत निघून जातात. मग उंदीर जाळं तोडायला लागतो, पण सावकाश. बोका घायकुतीला येतो. उंदीर म्हणतो, वेळेआधी सोडवलं तर मला तुझीच भीती. एक दोर शेवटपर्यंत ठेवतो. पहाटे पारधी दिसल्याबरोबर तो तोडतो. बोका झाडावर, उंदीर बिळात. पारधी निघून गेल्यावर बोका झाडावरून गोड बोलतो, तू माझा प्राणदाता, बाहेर ये, आपण मित्र. उंदीर आतूनच उत्तर देतो: तुझे उपकार मानतो, पण काम होतं तोवर आपण एकत्र होतो, आता तू बलवान आणि मी तुझं अन्न. बाहेर येणार नाही.

आमच्या मुलींना लहानपणापासून शिकवलेलं असतं की कुणी गोड बोललं की आपणही गोड वागायचं, उपकार झाले की नाही म्हणायचं नाही. पलिताने आभार मानले आणि दारही उघडलं नाही. दोन्ही एकाच वेळी करता येतं, हे या मुलींना दहाव्या वर्षी कळलं तर मला हवंच आहे.

काही गोष्टी मी सांगत नाही. ऋषीने उंदरीची मुलगी केली, सूर्य, ढग, वारा, डोंगर असे सगळे वर नाकारून शेवटी तिने उंदीरच पसंत केला, ही गोष्ट. जन्माचा स्वभाव सुटत नाही, जात जातीवरच जाते, हा त्यातला सूर. विडी कामगाराची मुलगी विड्याच वळणार, असं मानणारी माणसं तिला आयुष्यात पुष्कळ भेटतील, त्यात माझी भर नको. बायकांविषयी जी वचनं जागोजाग पेरली आहेत, तीही मी गाळते. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या पुस्तकातलं सगळंच डोक्यावर घ्यायला हवं असं नाही, आणि एवढ्याने ते पुस्तक माझ्यासाठी लहानही होत नाही.

मराठीत छपाई सुरू झाली तेव्हापासून या गोष्टी मुलांच्या हातात आहेत. तंजावरला सरफोजीराजांच्या काळात १८०६ साली इसापच्या गोष्टी 'बालबोध मुक्तावली' म्हणून छापल्या गेल्या. मुंबईत १८२२ साली 'पंचोपाख्यान' निघालं. पण शाळेसाठी गोष्टी निवडता निवडता त्या सुट्या होत गेल्या. बोलणारा गेला, ऐकणारा गेला, उरली ती चित्रं आणि खालची एक ओळ. परीक्षेत ती ओळ लिहिली की दोन मार्क. मी तात्पर्य लिहायला सांगत नाही. त्याऐवजी वहीत तीन रकाने आखायला सांगते: सांगणारा, ऐकणारा, आणि सांगणाऱ्याला काय हवंय.

या शनिवारी तिसरं तंत्र सुरू करतोय, काकोलूकीय. कावळ्यांचा म्हातारा मंत्री स्थिरजीवी जखमी असल्याचं सोंग करून घुबडांच्या आश्रयाला जातो. घुबडांच्या राजाचे बाकी सगळे मंत्री म्हणतात, शरण आलाय, राहू द्या. एकटा रक्ताक्ष म्हणतो, मारा, हा आपला नाश करील. राजा ऐकत नाही. मग रक्ताक्ष आपल्या माणसांना गोळा करून बोलणाऱ्या गुहेची गोष्ट सांगतो: कोल्हा गुहेत शिरण्याआधी बाहेरून हाक मारतो, आत लपलेला सिंह ओ देतो, आणि कोल्हा वाचतो. गोष्ट संपवून तो सगळ्यांना घेऊन दुसरीकडे निघून जातो. मागे राहिलेली घुबडं जळून मरतात. रक्ताक्षाने आपली माणसं वाचवली, राजाला सोडलं. यावर वर्गाचे दोन तट पडणार हे मला आत्ताच दिसतंय, म्हणून या वेळी त्या दिवशीचा आधीचा गणिताचा तासही मागून घेतलाय.